पिंजरावरची धिंगरी जास्त पौष्टिक की सोयाबीनच्या भुसकटावरची?

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील नंदगड भागातून एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. त्यांच्या बचत गटाला धिंगरी अळंबी (ऑयस्टर मशरूम) पिकवायची आहे. घरी भाताचे पिंजर आहे, सोयाबीनचे भुसकट आहे आणि भावाच्या शेतात उसाचे पाचट पडून आहे. यांपैकी कशावर वाढवलेली अळंबी जास्त पौष्टिक होते, हा त्यांचा मूळ प्रश्न आहे. सोयाबीनवरच्या अळंबीत ४० टक्के प्रथिने असतात असे त्यांना बियाणे विकणाऱ्याने सांगितले आहे, ते खरे का, हेही त्यांना जाणून घ्यायचे आहे. शिवाय शेतातले काड असे उचलून नेले तर जमिनीचा कस उतरणार नाही का, अशी शंका त्यांच्या सासऱ्यांनी काढली आहे.

ताई, बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात मी गेली १७ वर्षे धिंगरी करते. त्यातली पहिली काही वर्षे मीही केवळ किती किलो निघाली एवढेच पाहत होते. आपल्या सासऱ्यांनी जो प्रश्न विचारला आहे, तो मला फार उशिरा सुचला. खरे पाहता आपले तिन्ही प्रश्न एकाच हिशेबाचे भाग आहेत. अळंबी हवेतून अन्न तयार करत नाही. हिरव्या झाडाला जे सूर्यप्रकाशाच्या जोरावर साधते, ते बुरशीला साधत नाही. काडात जे नत्र (नायट्रोजन), पालाश (पोटॅश), स्फुरद (फॉस्फरस) आणि सूक्ष्म द्रव्ये आधीच आहेत, त्यांतला काही भाग ती उचलते आणि आपल्याला खाता येईल अशा रूपात आणते. म्हणून कशावर पिकवली तर जास्त पौष्टिक, या प्रश्नाचे उत्तर त्या काडात मुळात काय होते आणि काड भरलेल्या ज्या पिशवीत ती वाढते तिच्यातून काय कुठे गेले, यातच सापडते.

आधी त्या ४० टक्क्यांबद्दल लिहिते, कारण त्यावरच आपला गट पाकिटावर काय छापायचे ते ठरवेल. टक्केवारी सांगताना ती वाळलेल्या अळंबीची आहे की ताज्या, हे बहुतेक वेळा कुणी सांगत नाही. ताज्या धिंगरीत सुमारे ९० टक्के पाणी असते, म्हणजे १०० ग्रॅम ताज्या अळंबीत कोरडा भाग जेमतेम १० ग्रॅम. त्या कोरड्या भागात २५ टक्के प्रथिने धरली, तर ताटात पडतात ती अडीच ग्रॅम. एका उकडलेल्या अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. म्हणजे २०० ग्रॅमचे पाकीट चार माणसांच्या घरात शिजले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा ग्रॅम येते. भाजी म्हणून ही गोष्ट उत्तमच आहे, कारण कोबी किंवा दोडक्यापेक्षा ती प्रथिनांत नक्कीच वरचढ आहे. पण डाळीच्या जागी धिंगरी खा, असे आपण कुणालाही सांगू नये.

दुसरी गोष्ट मोजणीची आहे. प्रयोगशाळेत प्रथिने सहसा थेट मोजली जात नाहीत. नमुन्यातले नत्र मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात, कारण सर्वसाधारण प्रथिनात १६ टक्के नत्र असते असे धरलेले आहे. अळंबीच्या बाबतीत हा गुणक फसवा ठरतो. तिच्या पेशींच्या भिंती कायटिन नावाच्या द्रव्याच्या असतात, त्यात नत्र असते, पण ते प्रथिन नव्हे आणि आपल्या पोटात ते फारसे पचतही नाही. म्हणून जाणकार लोक अळंबीसाठी ४.३८ हा गुणक वापरतात. वाळलेल्या धिंगरीत ४ टक्के नत्र निघाले, तर एका हिशेबाने प्रथिने २५ टक्के होतात आणि दुसऱ्या हिशेबाने साडेसतरा. अळंबी तीच, नमुना तोच. मला स्वतःला दुसरा आकडा प्रामाणिक वाटतो आणि गिऱ्हाइकाने विचारले तर मी तोच सांगते. त्यामुळे ४० हा आकडा कुणी सांगितला, तर तो कोरड्या वजनावर आणि मोठ्या गुणकाने काढलेला असणार, आणि तसा धरला तरी तो फुगवलेलाच असण्याची शक्यता जास्त आहे.

आता काडाकडे वळू. आपल्या पिंजरात कोरड्या वजनाच्या अर्धा टक्का किंवा थोडे जास्त नत्र असते. उसाच्या पाचटात त्याहून कमी, ०.४ टक्क्याच्या आसपास. सोयाबीन हे द्विदल पीक असल्याने त्याच्या भुसकटात साधारण ०.८ ते १ टक्का नत्र मिळते, आणि त्यात शेंगांची टरफले किती व जाड खोडे किती यावर ते वरखाली होते. बुरशीला स्वतःचे शरीर बांधायला नत्र लागते. ते हाताशी भरपूर असेल तर ती जास्त उचलते, उत्पन्नही वाढते आणि अळंबीतले नत्रही वाढते. म्हणून सोयाबीनवरची धिंगरी प्रथिनांत सरस असते, हे विधान दिशेने बरोबर आहे. फक्त हा फरक कोरड्या वजनावर काही टक्क्यांचा असतो, दुपटीचा नसतो. ताज्या १०० ग्रॅममध्ये तो पाव ते अर्धा ग्रॅम एवढाच उरतो. धिंगरीची जात कोणती आणि ती कोणत्या दिवशी तोडली, यांनीही तेवढाच फरक पडू शकतो.

हा नत्राचा प्रवास प्रत्यक्ष मांडून पाहू, म्हणजे सासऱ्यांनाही दाखवता येईल. १० किलो कोरडे पिंजर घेतले तर त्यात ५५ ग्रॅमच्या आसपास नत्र असते. त्यावर साडेसहा किलो ताजी धिंगरी निघाली, तर ती वाळवून ६५० ग्रॅम होते, आणि तिच्यात ४ टक्के धरले तर २६ ग्रॅम नत्र गेले. अळंबीचे बियाणे ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेले असते; त्या ज्वारीतून चारपाच ग्रॅम नत्र पिशवीत आलेले असते, ते वेगळे धरा. म्हणजे काडातले सुमारे चाळीस टक्के नत्र दीड-दोन महिन्यांत माणसाच्या अन्नात आले. कसलेही रासायनिक खत न घालता, जे काड खाऊन म्हैस फार तर पोट भरते, त्यातून हे निघते. मला या धंद्याची गोडी लागली ती नफ्यापेक्षा याच हिशेबामुळे.

हे कसे घडते ते हाताने कळते. आपण पहिल्या दिवशी पिंजराची एक काडी दोन बोटांत धरून ओढा. ती चिवट असते, बोट कापेल पण तुटणार नाही. तिसरी तोडणी झाल्यावर त्याच पिशवीतली काडी काढा. ती फिकट पडलेली असते, वजनाला हलकी लागते आणि शेवेसारखी कट्कन मोडते. काडाला ताठपणा देणारे लिग्निन नावाचे जे द्रव्य असते, ते धिंगरीने आपल्या पाचकरसांनी फोडलेले असते. जनावराच्या पोटातल्या जंतूंना जे नीट जमत नाही, ते ही बुरशी करते. या कामात काडाच्या कोरड्या वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त भाग श्वासावाटे कर्बवायू होऊन हवेत जातो. म्हणूनच खोलीत हवा खेळती हवी. ती कोंडली की दांडे लांब होतात आणि टोपी करंगळीच्या नखाएवढी राहते.

मग सगळेच सोयाबीनवर का करू नये, असे आपण विचाराल. भुसकटाची अडचण अशी की ते बारीक असते, मळणीयंत्रातून येताना त्यात माती येते आणि किडके, फुटके दाणे राहतात. हे दाणे पिशवीत कुजतात आणि तिथूनच हिरवी बुरशी पसरते. शिवाय बारीक भुसकट पिशवीत दाबून बसते, आत हवा राहत नाही आणि पाचव्या-सहाव्या दिवशी पिशवीला आंबूस वास येऊ लागतो. म्हणून मी दोन वाटे पिंजर आणि एक वाटा चाळलेले भुसकट असे मिश्रण करते. पिंजराच्या दोन-तीन इंचांच्या तुकड्यांमुळे पिशवीत पोकळी राहते आणि भुसकटामुळे नत्र मिळते. आपल्याकडे दोन्ही घरचे आहे, तेव्हा आपणही येथूनच सुरुवात करावी असे मी सुचवेन.

नत्र वाढवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे कोंडा किंवा पेंड मिसळणे. तो मी एकदा धरला आणि पस्तावले. सहाव्या वर्षी, ऐन पावसाळ्यात, उकळलेल्या आणि निथळलेल्या पिंजरात मी तांदळाचा कोंडा तसाच, न उकळता, चांगला मूठमूठ मिसळला. चौथ्या दिवशी पिशव्यांना हात लावला तर त्या तापासारख्या गरम लागल्या. आठव्या दिवशी ८० पैकी ६० पिशव्या आतून हिरव्या झाल्या होत्या आणि त्या सगळ्या मला लांब नेऊन पुराव्या लागल्या. कोंड्यातले अन्न इतके सोपे असते की धिंगरी त्यावर पोचण्याआधी बाकीच्या बुरशी पोचतात. कोंडा घालायचा तर वाफेच्या दाबावर पूर्ण निर्जंतुक करण्याची सोय हवी. आपल्यासारख्या घरगुती मांडणीत ते बसत नाही. सोयाबीनच्या खोडातले नत्र लिग्निनच्या आत अडकलेले असते, ते फोडण्याची ताकद धिंगरीकडे असते आणि हिरव्या बुरशीकडे तेवढी नसते. त्यामुळे ती वाट सावकाश पण सुरक्षित आहे.

पाचटाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. त्यावर धिंगरी येते, बारीक तुकडे केले आणि नीट भिजवले तर बऱ्यापैकी येते, पण त्याच्यावरचा गुळगुळीत थर पाणी लवकर शोषत नाही, नत्र कमी आणि उत्पन्नही पिंजरापेक्षा कमी. तेव्हा भावाला सांगावे की पाचट पेटवू नका आणि इकडे आणूही नका. खोडव्याच्या, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या पिकाच्या, सऱ्यांत ते पसरून ठेवले तर ओल टिकते आणि कस जमिनीतच मुरतो. एका एकरात ते तीन-चार टन असते. आपण शंभर पिशव्या भरल्या तरी त्यातले मूठभरही संपणार नाही. चिकोडी, निपाणी भागातील मंडळी कधी कधी तंबाखूच्या काड्यांबद्दल विचारतात. त्या मी कधीच वापरत नाही, कारण त्यांत निकोटीन असते आणि अळंबी आपल्या बुडाशी जे आहे ते शोषून घेते. गोकाक, अथणीकडे कडबा आणि दाणे काढलेली मक्याची बुरकुंडे मिळतात. बुरकुंडे भरडून मिसळली तर चालतात. तिकडे काडापेक्षा हवेच्या कोरडेपणाची अडचण मोठी असते.

अळंबी बुडाशी असलेले शोषून घेते, हे वाक्य दोन्ही बाजूंनी खरे आहे आणि पौष्टिकतेच्या चर्चेत त्याकडे फार दुर्लक्ष होते. पंजाबातील काही भागांत जमिनीत सेलेनियम हे सूक्ष्म द्रव्य जास्त आहे; तिथल्या गव्हाच्या काडावर वाढवलेल्या धिंगरीत सेलेनियम कितीतरी पटींनी वाढलेले आढळते. त्याच न्यायाने काडात शिसे किंवा कॅडमियम यांसारखा विषारी धातू असेल तर तोही अळंबीत येतो. म्हणून शहराच्या सांडपाण्यावर भिजणाऱ्या शेतातले पिंजर कितीही स्वस्तात मिळाले तरी मी घेत नाही. कापणीच्या तोंडावर औषध फवारलेले काडही घेत नाही. काड कोणत्या शेतातले आहे हे ठाऊक असणे, हा घरच्या काडाचा सगळ्यांत मोठा गुण आहे, आणि तो नत्राच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा मला मोलाचा वाटतो.

येथेच काड निर्जंतुक कसे करायचे हा प्रश्न येतो. आपल्याला प्रशिक्षणात दोन पद्धती सांगितल्या जातील. एकात १०० लिटर पाण्यात साडेसात ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणि १२५ मिलिलिटर फॉर्मेलिन हे जंतुनाशक घालून काड १८ तास बुडवतात. दुसऱ्यात ८० अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवतात. पहिली पद्धत सोपी आहे आणि जळण लागत नाही, म्हणून अनेक जण ती करतात आणि त्यांना मी नावे ठेवणार नाही. मी मात्र गरम पाण्याचीच धरली आहे. आमच्या जुन्या गुऱ्हाळातली काहील पडून होती. तिच्यात पाणी तापवायचे, रात्रभर साध्या पाण्यात भिजलेले काड जाळीच्या पोत्यांत भरून बुडवायचे, वर दगड ठेवायचा आणि तासाभराने काढून स्वच्छ धुतलेल्या उतरत्या ताडपत्रीवर निथळत ठेवायचे. मूठभर काड घट्ट पिळून पाहावे. हात ओला झाला पाहिजे, पण थेंब टपकता कामा नये.

आता भिजवल्यानंतर जे पाणी उरते त्याकडे पाहा. ते चहासारखे तांबूस झालेले असते. पिंजरात पालाश चांगले असते, दीड टक्क्यापर्यंत, आणि ते पाण्यात सहज विरघळते. म्हणजे त्यातला मोठा वाटा अळंबीत जातच नाही, या तांबूस पाण्यात उतरतो. औषध न घातलेले हे पाणी मी नारळाला आणि केळीला घालते. ज्यांनी फॉर्मेलिन वापरले असेल, त्यांना ते तसे करता येत नाही. त्यांचे पाणी आणि त्यातले पालाश दोन्ही वाया जाते. वर्षानुवर्षे हे पाणी मी गटारात सोडत होते, याचे मला आजही वाईट वाटते.

सासऱ्यांच्या शंकेचे उत्तर त्यामुळे असे आहे की शंका अगदी योग्य आहे, पण प्रमाण लहान आहे. पिशवीत एक किलो कोरडे काड धरले तर १०० पिशव्यांना १०० किलो लागते. एका एकर भाताचे पिंजर दोन टनांच्या घरात असते. त्या १०० किलोंतले सगळे नत्र मोजले तरी ते सव्वा किलो युरियाएवढे आहे, आणि त्यातले निम्मे तर पिशव्यांत परत राहते. तेव्हा जमिनीचा कस उतरणार नाही. पण उरलेले काड शेतात परत गेलेच पाहिजे, आणि ते कसे जाते याला महत्त्व आहे. उरलेल्या काडात कर्ब अजूनही पुष्कळ आणि नत्र थोडे असते. ते तसेच पिकाच्या मुळाशी घातले तर कुजताना तेथलेच नत्र ओढून घेते आणि पीक पिवळे पडते. मी ते शेणकाल्यात कालवून दोन-तीन महिने खड्ड्यात ठेवते किंवा गांडुळांना घालते. गांडुळांना ते इतके आवडते की दुसऱ्या कशाला ती एवढ्या लवकर भिडत नाहीत. ते खत नंतर रताळ्याच्या रानात जाते.

जनावरांना हे काड घालावे का, असे आपण विचारलेले नाही, पण उद्या विचाराल. लिग्निन फुटल्यामुळे ते मऊ झालेले असते हे खरे. तरी त्यातला चांगला भाग अळंबीने नेलेला असतो आणि पिंजरातली वाळू, म्हणजे सिलिका, मागे तशीच राहते. गरम पाण्याने केलेले, पूर्ण पांढरे, कोठेही हिरवा-काळा डाग नसलेले काड मी हिरव्या चाऱ्यात थोडे मिसळून म्हशीला देते, आणि गाभण जनावराला देत नाही. औषधात बुडवलेले तर कधीच नाही. आणि मूळ गोष्ट विसरू नये : खानापूर भागात पिंजर हाच उन्हाळ्याचा चारा आहे. गंजीतले जनावरांचे बाजूला काढून जे उरेल त्यावरच अळंबी करावी. सोयाबीनचे भुसकट जनावरे तेवढे आवडीने खात नाहीत, हेही त्याच्या बाजूने एक कारण आहे.

आतापर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर सोयाबीन मिसळल्याने प्रथिने आणि उत्पन्न थोडे वाढते, पाचट शेतातच बरे, पिंजर मुख्य आधार, आणि काड स्वच्छ व ओळखीचे असणे सर्वांत महत्त्वाचे. आता पिशवीबाहेर जे घडते त्याविषयी लिहिते, कारण पौष्टिकतेचा बराच भाग आपण तोडणीनंतर कमावतो किंवा घालवतो.

टोपीची कड आत वळलेली असते तेव्हा तोडावी. ती पसरून सपाट झाली, कड लाटेसारखी वर उचलली आणि पातळ झाली, की अळंबी चिवट होते आणि बीजकणांची पांढरी धूळ सुटते. ही धूळ रोज श्वासात गेली तर खोकला आणि छातीचा त्रास जडतो, म्हणून गटातील प्रत्येकीने तोडणीच्या वेळी तोंडाला कापड किंवा मास्क बांधायलाच हवा. माझ्याकडे काम करणाऱ्या एका बाईंना हा त्रास झाल्यावरच मी हे गांभीर्याने घेतले. तो उशीर आपण करू नये.

ड जीवनसत्त्वाबद्दल मात्र धिंगरीची गोष्ट खरोखर विलक्षण आहे. तिच्यात अर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य असते आणि त्यावर उन्हातील अतिनील किरण पडले की त्याचे ड२ जीवनसत्त्व होते. अंधाऱ्या खोलीत वाढून थेट पाकिटात गेलेल्या अळंबीत ते जवळजवळ नसते. तोडलेली अळंबी पडद्यांची, म्हणजे खालची बाजू वर करून दुपारच्या उन्हात अर्धा-पाऊण तास ठेवली, तर ते चांगले वाढते. अळंबी वाळवायची असेल तर पहिला काही वेळ असे उघडे ऊन द्यावे आणि मग धूळ बसणार नाही अशा जागी वाळवणे पूर्ण करावे. १० किलोंची एक किलो होते आणि हाताने मोडल्यावर पापडासारखा आवाज आला पाहिजे. काडात फेरफार करून जो फरक मोठ्या मुश्किलीने पडतो, त्याहून मोठा फरक हे अर्ध्या तासाचे ऊन फुकट पाडते.

धिंगरी कच्ची खाऊ नये, हे गिऱ्हाइकांना आवर्जून सांगावे. तिच्यात उष्णतेने नष्ट होणारी काही अपायकारक प्रथिने असतात, आणि शिजवल्याने ती पचायलाही सोपी होते. पण उकडून पाणी ओतून देण्याची पद्धत आपल्याकडे काही घरांत आहे, ती सोडायला सांगावी. ब गटातील जीवनसत्त्वे आणि पालाश त्या पाण्यातूनच जातात. तव्यावर कांद्याबरोबर परतली किंवा रश्शात शिजवून रस्सा खाल्ला तर फारसे काही वाया जात नाही. अळंबीच्या प्रथिनात लायसिन हा शरीराला लागणारा घटक चांगला असतो आणि तोच ज्वारी-तांदळात कमी पडतो. त्यामुळे भाकरीबरोबर किंवा भाताबरोबर तिची जोडी चांगली जमते. बी-१२ जीवनसत्त्व मिळते किंवा मधुमेह बरा होतो यांसारखे दावे मात्र पाकिटावर छापू नका. कुणी आग्रह केला तरीही.

आपल्या भागात आणखी एक तुलना नेहमी होते. श्रावणात जंगलातून येणारी, पानांवर मांडून विकली जाणारी वारुळाची अळंबी खाल्लेली जुनी माणसे म्हणतात की तिची चव आणि ताकद या पिशवीतल्या अळंबीला नाही. चवीबाबत मी त्यांच्याशी वाद घालत नाही. ती बुरशी वेगळी, वाळवीच्या घरट्यात वाळवीनेच जोपासलेली. ती कोणत्याही काडावर आपल्याला पिकवता येत नाही. एवढेच सांगावे की ओळख पटल्याशिवाय रानातली अळंबी कुणी खाऊ नये, आणि बाजारात कन्नड गिऱ्हाईक आपल्या धिंगरीला अणबे म्हणून विचारते तेव्हा त्यालाही ही पिशवीतली आहे हे स्पष्ट सांगावे.

सुरुवात केव्हा करावी, तर दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन निघते आणि दिवाळीनंतर भाताची सुगी होते. त्या वेळचे पिंजर नवे, पिवळेधमक, पावसात न भिजलेले असते; गेल्या वर्षीचे गंजीच्या तळातले काळपट पिंजर यात मिसळू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात आपल्याकडची हवा थंड असते आणि धिंगरीला साधारण २० ते २८ अंश मानवतात. फक्त खोलीतल्या हवेची ओल ८० टक्क्यांच्या वर ठेवण्यासाठी गोणपाट भिजवून लावावे लागतात. बियाणे घेण्यापूर्वी धारवाडच्या कृषी विद्यापीठात किंवा बैलहोंगल तालुक्यातील मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात प्रशिक्षणाची चौकशी करून यावी.

पहिल्याच खेपेला शंभर पिशव्या भरू नका. दहा पिशव्या नुसत्या पिंजराच्या आणि दहा मिश्रणाच्या भरा, प्रत्येकीत कोरडे काड तोलून एक किलोच घाला आणि पिशवीवर खडूने क्रमांक लिहा. प्रत्येक तोडणीचे वजन क्रमांकापुढे मांडा. शेवटी उरलेले काड वाळवून पुन्हा तोला. त्या वहीत आपल्या घरच्या काडाचा, आपल्या खोलीचा आणि आपल्या पाण्याचा हिशेब असेल. ती वही सासऱ्यांच्या हाती द्या; शंका त्यांचीच होती, तेव्हा वजने त्यांनीच करावीत.